जवसाच्या धाग्यांची यॉट : 'ग्रीन' दावा नेमका कसा वाचायचा?

माझं आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातलं. त्यामुळे जवस म्हटलं की मला चटणी आठवते. खमंग भाजलेलं जवस, लसूण, तिखट, मीठ आणि वरून तेलाची धार. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत जवस फेकून देतात, उरलेल्या ओलीवर ते पीक येतं, एवढी माहितीही मला आजोळीच मिळाली.

त्यामुळे फिनलंडमधल्या एका यार्डाने जवसाच्या धाग्यांपासून शर्यतीच्या ताकदीची यॉट बनवलीय हे वाचलं, तेव्हा मी दोनदा वाचलं. मग इंजिनिअरची खोड जागी झाली. हे खरंच शक्य आहे का? असेल तर किती? आणि त्याने पर्यावरणाचं नेमकं काय भलं होतं?

'एवढ्या महागड्या बोटीचं मला काय?' असं वाटत असेल तर जरा थांबा. ही बोट तुम्ही-मी कधीच घेणार नाही. पण तिच्यावर जो 'सस्टेनेबल' शिक्का आहे, तोच तुमच्या पुढच्या फोनच्या खोक्यावर, बुटांवर आणि स्कूटरवर असणार आहे. तो शिक्का कसा वाचायचा हे शिकायला या बोटीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आधी यार्डाची ओळख

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर याकोबस्टाड नावाचं छोटं गाव आहे. फिनिश भाषेत पिएतारसारी. हा भाग स्वीडिश बोलणाऱ्या फिनिश लोकांचा, आणि शिडाच्या जहाजांच्या काळापासून इथे जहाजं बांधली जातात. १९६६ मध्ये पेक्का कोस्केनकुला यांनी इथे नॉटर ही कंपनी काढली. तिच्या 'स्वान' यॉट पुढे जगभर गाजल्या. १९७३-७४ ची पहिली व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यत जिंकणारी मेक्सिकोची 'सायुला टू' ही स्वान ६५ होती.

१९७३ मध्येच नॉटरमधले काही जण बाहेर पडले आणि जवळच्या बोसुंड गावात त्यांनी बाल्टिक यॉट्स सुरू केली. त्यांचा हट्ट एकच होता : बोट हलकी हवी, ताठ हवी, वेगवान हवी. आज बाल्टिक मोजक्याच बोटी बनवते, पण त्या कार्बन फायबरच्या आणि प्रत्येक मालकाच्या मागणीनुसार. २०१७ ची 'पिंक जिन सिक्स' ५४ मीटर लांब आहे. म्हणजे साधारण अठरा मजली इमारत आडवी ठेवा.

जवसाची बोट त्या मानाने लहान आहे. बाल्टिक ६८ कॅफे रेसर, नाव 'पिंक जिन व्हर्दे', २०२१ मध्ये पाण्यात उतरली. तिचे मालक हान्स गेओर्ग नेडर, कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या ओटोबॉक या जर्मन कंपनीचे. २०१३ मध्ये त्यांनी बाल्टिकमध्येच बहुसंख्य हिस्सा घेतला होता. म्हणजे कंपनीच्या मालकानेच स्वतःच्या पैशाने स्वतःच्या बोटीवर प्रयोग केला. आपल्या भाषेत सांगायचं तर बीटा व्हर्जन आधी स्वतःच्याच फोनवर टाकलं. हे मला आवडलं.

बोटीचं धड बनतं कसं?

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा खोका हातात घ्या. पुठ्ठ्याच्या दोन सपाट थरांमध्ये नागमोडी कागद असतो. तिन्ही कागद वेगवेगळे घेतले तर लुळे पडतात, पण एकत्र चिकटवले की पुठ्ठा सहज वाकत नाही. आधुनिक यॉटचं धड, ज्याला हल म्हणतात, ते याच तत्त्वावर बनतं. बाहेर-आत धाग्यांच्या कापडाची मजबूत कातडी आणि मध्ये हलक्या फोमचा गाभा.

कापड साच्यावर अंथरतात, त्यात इपॉक्सी रेझिन मुरवतात, वरून प्लास्टिकची पिशवी घालून हवा ओढून घेतात आणि सगळं भट्टीत तापवतात. रेझिन एकदा कडक झालं की धागे जागच्या जागी पकडले जातात. ताकद धाग्याची असते, रेझिन त्याला धरून ठेवतं.

आता प्रश्न धाग्याचा. मासेमारीच्या होड्यांत काचेचा धागा वापरतात, म्हणजे आपलं नेहमीचं फायबर. महागड्या यॉटमध्ये कार्बनचा. आणि इथे अर्ध्या भागात जवसाचा.

हे जवस आपल्या चटणीतलं नाही बरं का. वनस्पती तीच, वाण वेगळा. विदर्भातलं जवस बियांसाठी, म्हणून बुटकं आणि फांद्यांचं. धाग्याचं जवस उंच आणि सरळसोट, ते मुख्यतः उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये पिकतं. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून तिचा वाख काढतात ना, तसंच हे देठ शेतातच दवावर कुजवून धागा सोडवतात. याच धाग्याचं लिनन होतं. बीकॉम्प नावाची स्विस कंपनी त्यापासून कंपोझिटसाठी कापड बनवते. २०२० मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीत याच कापडाचं सीट वापरलं होतं.

आता आकडे बघू

धागा ताणल्यावर तो किती कमी लांबतो, म्हणजे किती ताठ आहे, हे गिगापास्कलमध्ये मोजतात. कार्बन साधारण २३०, काच ७२ आणि जवस ५५ च्या आसपास. नुसतं एवढंच बघितलं तर जवस सर्वांत मागे.

पण बोटीत वजन महत्त्वाचं. एका घनसेंटिमीटरचं वजन कार्बनचं १.८ ग्रॅम, काचेचं २.५ आणि जवसाचं १.५. ताठपणाला वजनाने भागा. कार्बनला सुमारे १२८ मिळतात, जवसाला ३७ आणि काचेला २९.

या तीन आकड्यांत अख्खी गोष्ट आहे. जवस काचेला टक्कर देतं, किंबहुना जरा पुढेच जातं. कार्बनच्या मात्र जवळपासही पोचत नाही. म्हणून जिथे जोर सर्वांत जास्त येतो तिथे कार्बन लागतोच. डोलकाठीचा आधार, कीलचा सांधा, शिडांच्या दोरांचे बिंदू, या जागी जवस चालणार नाही. बाकीच्या पृष्ठभागावर ते आरामात काम करतं आणि एक फायदा फुकट देतं : ते कंपनं शोषून घेतं. कार्बनची बोट आतून ढोलासारखी वाजते. जवसाने तो आवाज कमी होतो.

तोटाही आहे. जवस शेवटी वनस्पती, पाणी लागलं की फुगणार. रेझिनचं कवच कुठे फुटलं आणि पाणी आत गेलं, तर काचेपेक्षा दुरुस्तीची घाई जास्त करावी लागेल.

म्हणजे तंत्र म्हणून हा प्रयोग खरा आहे, नुसता देखावा नाही. कार्बन फायबर बनवायला पेट्रोलियमपासूनचा धागा हजार अंशांच्या वर भाजावा लागतो, त्यात प्रचंड ऊर्जा जाते. त्याऐवजी शेतात उगवलेला धागा वापरला तर फायदा आहेच.

पण अर्धं म्हणजे कशाच्या अर्धं?

पन्नास टक्के हा आकडा हलच्या रचनेचा आहे. हल म्हणजे अख्खी बोट नाही. अशा यॉटच्या पोटाखाली जड कील असते, तिचं वजन बोटीच्या एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सहज जातं. शिवाय कार्बनची डोलकाठी, शिडं, बॅटऱ्या, मोटारी, फर्निचर. आणि खुद्द हलमध्येही धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन आहेच.

हेडलाइनमध्ये 'जवसाची बोट' येतं. प्रत्यक्षात जवस तिच्या एका भागाचा एक भाग आहे. यात कुणी खोटं बोललेलं नाही, आपण घाईत वाचतो एवढंच. फोनच्या जाहिरातीत '१०० टक्के रिसायकल्ड ॲल्युमिनियम' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते फक्त बाहेरच्या फ्रेमबद्दल असू शकतं. आतली चिप, स्क्रीन, बॅटरी त्यात धरलेली नसते. दावा खरा असतो, पण त्याची हद्द लहान असते.

वाऱ्यावर बॅटरी चार्ज?

कॅफे रेसरचा दुसरा मोठा भाग म्हणजे डिझेल इंजिनाऐवजी दोन इलेक्ट्रिक मोटारी. त्या ओशनव्होल्ट या फिनिश कंपनीच्या. बंदरात शिरताना-निघताना मोटार पंखा फिरवते. खुल्या समुद्रात शिडं उभारली की उलटं होतं : बोट वाऱ्याने पुढे जाते, पाणी पंख्याला फिरवतं आणि मोटार जनरेटर बनून बॅटरी चार्ज करते. इलेक्ट्रिक स्कूटर उतारावर चार्ज होते तसंच.

फरक एवढाच की उतार संपतो, वारा तासन्‌तास चालू राहतो. पाण्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. समजा ५ नॉट वेगाला ५०० वॉट मिळत असतील, तर १० नॉटला ४००० वॉट. म्हणूनच हे तंत्र वेगवान बोटीलाच खरं परवडतं. संथ बोटीत पंख्याच्या अडथळ्याने वेग आणखी पडेल आणि हाताला फार काही लागणार नाही. बाल्टिकने २०१९ मध्ये बनवलेल्या ४३ मीटरच्या 'कॅनोव्हा'वरही हेच तत्त्व आहे. अशा बोटीवर एसी, फ्रीज, स्वयंपाक सगळं विजेवर चालतं. एरवी त्यासाठी डिझेल जनरेटर दिवसरात्र घरघरत असतो.

हा भाग मला जवसापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तो बोट वापरात असेपर्यंत रोज काम करतो.

पण रोजचं वापरणं म्हणजे नेमकं काय, तेही बघायला हवं. मे २०१९ मध्ये बाल्टिकचीच 'माय साँग' ही मोठी यॉट भूमध्य समुद्रात हरवली. ती वादळात बुडाली नाही. एका मालवाहू जहाजाच्या डेकवर ठेवून तिला युरोपात नेत होते आणि ती तिथून पाण्यात पडली. कॅरिबियनमधला हंगाम संपला की अशा कितीतरी यॉट डिझेलवर चालणाऱ्या जहाजावर बसून युरोपात येतात. जी बोट वाऱ्यावर पृथ्वी पालथी घालू शकते, ती पार्सल म्हणून प्रवास करते. हल कशाचं आहे यापेक्षा हा हिशोब बराच मोठा असू शकतो, आणि तो ब्रोशरमध्ये नसतो.

साग, आणि कायद्याचा बडगा

यॉटचा डेक परंपरेने सागाचा असतो, तोही म्यानमारच्या. तो तेलकट असतो, कुजत नाही, ओल्या पायाला घसरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. तिथला लाकडाचा व्यापार सरकारी कंपनीच्या हातात, म्हणजे पैसा थेट लष्कराकडे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने आणि जूनमध्ये युरोपियन युनियनने त्या कंपनीवर निर्बंध घातले. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सनसीकर या नामांकित यॉट कंपनीला तपासणी न करता लाकूड आणल्याबद्दल कोर्टाने दंड केला आणि एकूण तीन लाख पौंडांहून जास्त रक्कम भरायला लावली.

इथून एक धडा मिळतो. यॉट उद्योग सागाला पर्याय शोधू लागला तो नुसत्या सद्बुद्धीने नाही. नियम आला, दंड झाला, मग पर्यायाला वेग आला.

शेवटी काय होतं?

आता सर्वांत अवघड प्रश्न. जवस मातीत कुजतं. मग ही बोटही कुजेल?

नाही. इपॉक्सी एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. त्यात अडकलेला धागा जवसाचा असो, काचेचा असो की कार्बनचा, सुटा करणं फार अवघड. 'नैसर्गिक धागा' म्हणजे 'नैसर्गिक बोट' नव्हे.

हा प्रश्न फक्त श्रीमंतांचा नाही. आपल्या कोकणात आणि गोव्यात लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतलीय. ते मच्छीमारांसाठी सोयीचं आहे, दरवर्षीची डागडुजी वाचते. पण जुनी लाकडी होडी मोडली तर फळ्या कामाला येतात, अगदीच नाही तर चुलीत जातात. फायबरची होडी मोडली की ती किनाऱ्यावर तशीच पडून राहते. ती जाळायची नाही, पुरायची नाही, विकायची तर कुणी घेत नाही.

मग या फिनिश यार्डांची खरी 'ग्रीन' गोष्ट कोणती? माझं उत्तर तुम्हाला कंटाळवाणं वाटेल : त्यांच्या बोटी मरत नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये ओशन ग्लोब रेस ही जगप्रदक्षिणा शर्यत इंग्लंडमधून सुरू झाली. अट अशी की बोटीचं डिझाइन १९८८ च्या आधीचं हवं, जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट वापरायचा. चौदा बोटी निघाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त याकोबस्टाड परिसरातल्या याच दोन यार्डांनी बांधलेल्या, बहुतेक स्वान आणि एक बाल्टिक ५५. तीस-चाळीस, काही तर त्याहून जास्त वर्षांच्या बोटी पुन्हा दक्षिण महासागरात उतरल्या. शर्यत जिंकली ती 'मेडन', सगळ्या महिला खलाशांची बोट. तिच्यावर भारताची पायल गुप्ता होती. तीच पायल २०१७-१८ मध्ये आपल्या नौदलाच्या 'तारिणी'वरून जग फिरून आली होती.

आणि ही तारिणी गोव्यातच बांधलेली आहे. ५६ फुटांची, लाकडाचा गाभा आणि बाहेर-आत फायबरची कातडी, म्हणजे तेच पुठ्ठ्याच्या खोक्याचं तत्त्व. २०१७ ची ही बोट २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून पुन्हा निघाली, आणि दिलना के. व रूपा ए. या दोघी अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये परत आल्या. त्याच बोटीवर दुसरी जगप्रदक्षिणा. जवस नाही, इलेक्ट्रिकचा गाजावाजा नाही. बोट नीट बांधली, नीट राखली आणि पुन्हा वापरली.

आता तुमच्या खिशातल्या वस्तूकडे

मी २०२१ मध्ये एक फोन घेतला. खोका छान तपकिरी कागदाचा, त्यावर हिरवं पान आणि पर्यावरणासाठी चार्जर काढून टाकल्याची टीप. फोन आजही ठणठणीत आहे. पण सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झाले आणि नंतर एक दिवस बँकेच्या ॲपने सांगितलं, हे डिव्हाइस आता चालणार नाही. हार्डवेअर जिवंत, सॉफ्टवेअरने हात सोडला. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे जास्त लागलं. त्या हिरव्या पानाने वाचवलेला कागद एका बाजूला आणि कपाटात पडलेला चालू फोन दुसऱ्या बाजूला.

नियम इथेही येताहेत. २० जून २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक आहे. बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आधाराशिवाय 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द वापरायला युरोपात २७ सप्टेंबर २०२६ पासून मनाई, तशी तारीख ठरली आहे. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. 'ग्रीन', 'नॅचरल' म्हणायचं तर पुरावा द्या आणि दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की एका भागाबद्दल ते सांगा, असं त्यात म्हटलंय. अपडेट आणि सुट्या भागांबाबत मात्र युरोपसारखी सक्ती आपल्याकडे नाही. आपण मागायला हवी ती हीच.

तोवर कुठलाही हिरवा शिक्का दिसला की तीन प्रश्न विचारा.

१. टक्के कशाचे? अख्ख्या वस्तूचे, की एका भागाचे?

२. वापरताना काय? रोज किती वीज, किती इंधन, किती वर्षं?

३. शेवटी काय? दुरुस्त होईल का, सुटे भाग मिळतील का, नाहीतर ती वस्तू जाईल कुठे?

बाल्टिकच्या जवसाच्या बोटीला मी पहिल्या प्रश्नात निम्मे गुण देईन. दुसऱ्यात मोटारीसाठी चांगले, पण मालक ती जहाजावर लादून फिरवणार असेल तर कापून घेईन. तिसऱ्यात आज शून्य. पण पुढची चाळीस वर्षं तिला कुणी नीट राखलं, तर हा शून्य खोडायला मी आनंदाने तयार आहे.

तुमच्या फोनला किती गुण पडतात? सेटिंग्जमध्ये जा, 'सिक्युरिटी अपडेट'ची शेवटची तारीख बघा. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच लिहिलेलं आहे.